चाळीस आमदारांना खुले पत्र: नियमित करायला ज्यांच्याकडे घरच नाही, त्यांचे काय?

गोवा विधानसभेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,

सप्रेम नमस्कार.

मी पंचायत सचिव म्हणून नोकरी करून निवृत्त झालो. डिचोलीत राहतो. नोकरीच्या काळात डिचोली, बार्देश आणि पेडणे तालुक्यांतल्या बऱ्याच पंचायतींत बदल्या झाल्या. गावात काय चालले आहे ते ग्रामसभेत कमी कळते, घरपट्टीच्या रजिस्टरात जास्त. पूर्वी मालकाच्या नावापुढे वाड्याचे नाव असे. पुढेपुढे त्या रकान्यात दिल्ली, मुंबई, बंगळुरूचे पत्ते येऊ लागले. या मंडळींची घरपट्टी वेळेवर यायची, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. फक्त त्या घरांत चतुर्थीला दिवा लागत नसे, नाताळाला नक्षत्र टांगले जात नसे.

त्याच काळात कचेरीच्या दारात दुसरी माणसे उभी असायची. भाड्याच्या खोलीत राहणारी. कुणाला मुलाच्या शाळेसाठी रहिवासी दाखला हवा असे, कुणाला रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचा असे. घरमालकाची सही आणा म्हटले की त्यांचा चेहरा पडायचा, कारण मालकाला आपण भाडेकरू ठेवला आहे हे कागदावर आणायचे नसायचे. यातले बरेचजण याच तालुक्यांत जन्मलेले होते. त्यांच्या वतीने हे पत्र लिहितो आहे, त्यांनी मला तसे सांगितले नसले तरी.

विधानसभेत घरांवर बोलणे होत नाही असे नाही. प्रत्येक अधिवेशनात होते. पण ते बोलणे नेहमी उभ्या असलेल्या घरांबद्दल असते. अमुक घर बेकायदा, ते पाडू नका, त्याला क्रमांक द्या, ते नियमित करा. ज्याच्याकडे पाडायलाही घर नाही, तो या चर्चेत कुठेच नसतो.

मागे वळून पाहा. १९७५ साली, शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री असताना, मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत त्याच्या संमतीने घर करून राहणारा, त्याच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्याआधी भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, मर्जीवर चूल पेटत होती. त्याच्या भाटात (बागायतीत) राहायचे, त्याच्या नारळांवर लक्ष ठेवायचे, बोलावले की जायचे, आणि त्याचे मन फिरले की भांडीकुंडी रस्त्यावर. माझ्या आजोबांचे घर असेच दुसऱ्याच्या भाटात होते. त्यामुळे हा कायदा मला पुस्तकातून कळलेला नाही. घर आणि त्याभोवतीची जागा, पंचायत क्षेत्रात ३०० आणि शहरात २०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला मिळाला. हजारो कुटुंबांच्या डोक्यावरचे छप्पर त्यामुळे टिकले. मामलेदार कचेरीत मुंडकारांचे खटले आजोबांकडून नातवाकडे वारशाने जातात हे खरे, पण निदान खटला लढवायला हक्क तरी आहे.

त्यानंतर आपण तेच सूत्र पुन्हापुन्हा वापरत आलो. २०१६ मध्ये बेकायदा बांधकामे नियमित करण्याचा कायदा आला. जुलै २०२१ मध्ये भूमिपुत्र विधेयक घाईघाईने संमत झाले, तीस वर्षे राहणाऱ्याला २५० चौरस मीटरपर्यंतची मालकी देणारे. राज्यभर गदारोळ झाला आणि ते बारगळले. २०२५ च्या मार्चमध्ये उच्च न्यायालयाने रस्त्याकडेच्या बेकायदा बांधकामांवर बडगा उगारला, तेव्हा पावसाळी अधिवेशनात सरकारी आणि कोमुनिदादीच्या (गावकीच्या सामाईक) जमिनींवरची २०१४ पूर्वीची घरे नियमित करण्यासाठी दुरुस्त्या झाल्या. ऑक्टोबरात ‘माझे घर’ योजनेचा सोहळा झाला.

या सगळ्यांत समान काय आहे ते बघा. लाभ त्यालाच, ज्याने आधी बांधले. ज्याने नियम पाळला, दुसऱ्याच्या जमिनीत चिरा रोवला नाही, महिन्याच्या महिन्याला भाडे भरले, त्याच्या वाट्याला काहीच आले नाही. वर त्याला एक धडाही मिळाला: गप्प राहून भाडे भरणारा मूर्ख, रातोरात चार भिंती उभ्या करून ईएचएन हा घर क्रमांक मिळवणारा शहाणा. पुढची तारीख कधीतरी जाहीर होईलच, हे आता गावातल्या पोरालाही ठाऊक आहे. मी खुर्चीवर असताना ही वाक्ये तोंडावर ऐकली आहेत. उत्तर काय देणार?

माझा नियमितीकरणाला विरोध नाही. चाळीस वर्षे राहणाऱ्या कुटुंबाला उठवून काय साधणार? आणि नियमित होत नाही तिथे काय होते तेही आपण पाहिले. जून २००४ मध्ये वास्कोच्या बायणा किनाऱ्यावर ऐन पावसाच्या तोंडावर घरे भुईसपाट झाली. एप्रिल २०२४ मध्ये सांगोल्ड्यात कोमुनिदादीच्या जमिनीवरची घरे न्यायालयाच्या आदेशाने पाडली गेली. जमीन कोमुनिदादीची, कायदा कोमुनिदादीच्या बाजूचा, हे मान्य. पण त्या रात्री ती मुलेबाळे कुठे झोपली? आपल्या राज्यात माफी आहे आणि बुलडोझर आहे. या दोहोंच्या मधे जे असायला हवे ते घर मात्र नाही.

माझ्या भाचीचे सांगतो. ती खासगी इस्पितळात परिचारिका, तिचा नवरा औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात. दोघे गोव्यात जन्मलेले, गोव्यात शिकलेले. लग्नानंतर म्हापशाच्या बाजूला भाड्याने राहिले. करार अकरा महिन्यांचा. दुसऱ्या वर्षी मालकाने सप्टेंबरात सांगितले, खोली सोडा, सीझनला पर्यटकांना द्यायची आहे. तुम्ही महिन्याला जे देता ते मला आठवड्यात मिळते. त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. शेवटी दोघे दोडामार्गला गेली. आता रोज सकाळी अस्नोड्यावरून म्हापशाला येतात आणि रात्री परत. नोकरी गोव्यात, कर गोव्यात, घर महाराष्ट्रात. पहिले बाळ तिकडेच झाले. सरकारी नोकरीसाठी लागणाऱ्या पंधरा वर्षांच्या रहिवासी दाखल्याचे पुढे काय, असे तिने मला विचारले. मी तीस वर्षे असले दाखले हाताळले. तिला सांगण्यासारखे माझ्याकडे काही नव्हते.

गोव्यातून माणसे फक्त पोर्तुगाल आणि इंग्लंडला जातात असे आपण समजतो. काही नुसती हद्द ओलांडून बांद्याला, सावंतवाडीला, दोडामार्गला जातात. ती कुठल्या आकडेवारीत दिसत नाहीत, कारण सकाळी ती पुन्हा गोव्यातच असतात.

आता घरे नाहीत म्हणून असे होते का? मुळीच नाही. २०११ च्या जनगणनेत गोव्यात लाखाहून अधिक घरे रिकामी नोंदली गेली. पाचांत एकाहून जास्त. तेव्हा राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाख होती. २०२१ ची जनगणना झालीच नाही, त्यामुळे नवा आकडा हाती नाही. पण मधल्या काळात कोविड येऊन गेला, घरून काम करणारे आले, मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. आसगाव, शिवोली, मोयडे, हळदोणे या गावांत पायी फिरा आणि किती फाटकांना कुलूप आहे ते स्वतः मोजा. तुमच्यापैकी काहींचे मतदारसंघ तर त्या वाटेवरच आहेत.

ही बंद घरे एका जातीची नाहीत, आणि इथे थोडे खोलात शिरावे लागेल, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे.

एक जात आहे वडिलोपार्जित घरांची. आपल्या नागरी कायद्यात सगळ्या मुलांना वाटा. आजोबा वारले, पाच मुले, त्यांची वीस नातवंडे, त्यातली कुणी लिस्बनला, कुणी इंग्लंडातल्या स्विंडनला, कुणी दुबईला. इन्व्हेंटरीचा, म्हणजे वारसांच्या वाटणीचा, खटला घालायचा तर सगळ्यांचे मुखत्यारपत्र हवे, सगळ्यांचे पटायला हवे. ते पटत नाही, म्हणून घराला कुलूप. कौले उतरतात, वाळवी लागते, आणि एक दिवस कुणीतरी खोट्या कागदांनी ते घर विकूनही टाकतो. २०२२ मध्ये जमीन हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारला खास तपास पथक नेमावे लागले, चौकशी आयोगही बसवावा लागला. त्याचे मूळ या कुलपांतच आहे.

दुसरी जात आहे गुंतवणुकीच्या घरांची. वर्षातून दोन आठवडे मालक येतो, एरवी रिकामे, किंवा मोबाईलवरून दिवसाच्या हिशेबाने पर्यटकांना.

तिसऱ्या जातीकडे कुणाचे लक्ष नाही. मालक इथलाच, गावातच राहणारा, निवृत्त शिक्षक किंवा आखातातून परतलेला. मुलासाठी वरचा मजला बांधला आणि मुलगा परदेशी गेला. दोन खोल्या, संडास, स्वयंपाकघर, सगळे तयार. भाड्याने द्या म्हटले की एकच उत्तर: ‘नको रे बाबा, उद्या मुंडकार होऊन बसेल.’

ही भीती मी गावोगावी ऐकली. आणि ती कायद्याला धरून नाही. मुंडकार कायद्याच्या व्याख्येतच म्हटले आहे की घराचे भाडे देणारा माणूस मुंडकार ठरत नाही. म्हणजे भाड्याची पावती हेच मालकाचे कवच आहे. पण लोक नेमके उलटे करतात. पावती देत नाहीत, करार करत नाहीत, रोख पैसे घेतात, आणि मग कागद नाही म्हणून घाबरतात. पन्नास वर्षांत सरकारच्या एकाही खात्याला असे वाटले नाही की ही एक गोष्ट साध्या शब्दांत एका पानावर छापून प्रत्येक पंचायतीच्या भिंतीला चिकटवावी.

भीतीचा दुसरा भाग मात्र खरा आहे. आपला भाडे नियंत्रण कायदा १९६८ चा. भाडेकरू अडून बसला तर त्याला काढायला किती वर्षे जातील याचा नेम नाही. केंद्राने जून २०२१ मध्ये आदर्श भाडेकरू कायदा राज्यांसमोर ठेवला. त्यात राहत्या घरासाठी अनामत रक्कम दोन महिन्यांच्या भाड्याहून जास्त घेता येत नाही, कराराची नोंद सक्तीची, भांडणासाठी वेगळे भाडे न्यायालय, आणि मुदत संपून घर न सोडणाऱ्याला पहिले दोन महिने दुप्पट आणि मग चौपट भाडे. त्यातले काही कलम भाडेकरूला जड जाईल, मला ठाऊक आहे. मी त्याला तसाच्या तसा उचला म्हणत नाही. अकरा महिन्यांऐवजी निदान तीन वर्षांचा करार, मधे भाडेवाढीला मर्यादा, आणि मालकाला वेळेवर घर परत मिळण्याची हमी, एवढे त्यात आपले घाला. नोंदलेल्या भाडेकराराच्या जोरावर मालकाच्या वेगळ्या सहीशिवाय रहिवासी दाखला मिळावा, हे एक वाक्य त्यात आले तरी कित्येक संसारांचे हेलपाटे वाचतील.

आणि मालकाला सरकारची हमी द्या. ही माझी मुख्य सूचना आहे. गृहनिर्माण मंडळाने स्वतः भाडेकरू व्हावे. मंडळाने गावातले बंद घर किंवा वरचा मजला पाच वर्षांच्या कराराने घ्यावा, गरज असेल तर डागडुजी करावी, ठरलेले भाडे दर महिन्याला मालकाच्या खात्यात टाकावे, आणि ते घर परिचारिका, शिक्षक, बसचालक, कारखान्यातला कामगार यांना परवडेल अशा भाड्याने द्यावे. मधला फरक सरकारने सोसावा. मुदत संपली की घर परत करण्याची जबाबदारी मंडळाची. मालकाला वाद घालायचा तर सरकारशी, भाडेकरूशी नाही. यासाठी एक गुंठाही नवी जमीन लागत नाही, डोंगर कापावा लागत नाही, शेतात भराव टाकावा लागत नाही. वीस वारस असलेल्या घरांसाठीही ही वाट उपयोगी पडेल. विकायला सगळ्यांचे पटत नसेल, पण घर पडू नये आणि भाडे वाटून यावे यावर बहुतेकांचे पटते.

गृहनिर्माण मंडळाचे नाव काढले म्हणून सांगतो. १९६८ च्या कायद्याने हे मंडळ आले. मडगावचे गोगळ, म्हापशातली गणेशपुरी, पर्वरी, फोंड्याचे कुर्टी, दवर्लीचा रुमडामळ, या वसाहतींत मंडळाने एके काळी कारकून, शिक्षक, पोलीस शिपाई यांना घरे दिली. माझे कितीतरी सहकारी तिथेच संसार करून निवृत्त झाले. छोटी घरे, जाड भिंती, समोर एखादे जास्वंदीचे झाड. गोव्यात सामान्य माणसासाठी सरकारला घर बांधता येते याचा तो पुरावा अजून उभा आहे. आज मंडळाचे नाव बातमीत येते ते बहुतेक भूखंडांच्या लिलावामुळे. लिलावात घर कुणाला मिळते ते सांगायला नको. ज्याच्याकडे पैसा, त्याला. पंधरा किंवा तीस वर्षांच्या वास्तव्याची अट घालून काही होत नाही, श्रीमंत गोमंतकीयही असतातच. शेजारी महाराष्ट्रात म्हाडाच्या सोडतीवर लोक हजार नावे ठेवतात, पण तिथे निदान उत्पन्न गट ठरलेले असतात आणि चिठ्ठी निघते. मोठ्या शहरांत चार हजार चौरस मीटरवरच्या प्रकल्पात वीस टक्के छोटी घरे ठेवण्याची अटही त्यांनी घातली. आपल्याकडे ती अट घालायला काय हरकत आहे? शंभर व्हिलांना परवाना देता, त्यातल्या वीसांच्या जागी गावातल्या लोकांसाठी छोटी घरे मागा.

इथे तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, बांधकाम वाढू द्या, घरे वाढली की स्वस्त होतील. गेली काही वर्षे तेच चालले आहे की. नगरनियोजन कायद्यात २०२३ साली १७(२) हे कलम आले, चूक दुरुस्तीच्या नावाखाली ऑर्चर्ड (बागायत) झोनची सेटलमेंट (वस्ती) होऊ लागली. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्याचे नियम रद्द केले. तोवर झोन बदलू देणारे ३९अ हे दुसरे कलम दारात उभे होतेच. झोन बदलाच्या जाहिराती राजपत्रात वाचून मी एकच शोधत असतो: यातल्या एका तरी प्रकरणात अर्जदाराने लिहिले आहे का की इथे मी कामगारांसाठी, तीन-चारशे चौरस फुटांची घरे बांधणार? बदललेल्या जमिनींवर अशी घरे उभी राहिली असती तर मी तोंड मिटून बसलो असतो. तिथे जलतरण तलाव झाले. जमिनीचा भाव चढला, आणि शेजारच्या वाड्यात दोन खोल्या बांधू पाहणाऱ्या गावकऱ्याच्याही आवाक्याबाहेर गेला. झोन बदलायचाच असेल तर तो परवडणाऱ्या घरांच्या लेखी अटीवर बदला, आणि ती अट सनदेत (जमीन-रूपांतराच्या परवान्यात) घाला. नाहीतर बदलू नका.

केंद्राची योजना आहे ना, असेही उत्तर मला मिळाले आहे. २०१५ पासून प्रधानमंत्री आवास योजना आहे, ग्रामीण भागात घरामागे सव्वा लाखाच्या आसपास मदत आहे. चिरे, सिमेंट आणि गवंड्याची मजुरी यांचे गोव्यातले भाव तुम्हाला माहीत आहेत, तेव्हा रकमेबद्दल बोलत नाही. अडचण आधीच येते. स्वतः घर बांधायला मदत हवी तर जमीन आपली असल्याचा कागद हवा. एक-चौदाच्या (जमिनीच्या) उताऱ्यावर नाव भाटकाराचे, कोमुनिदादीचे, नाहीतर वारलेल्या पणजोबांचे. अनुसूचित जमातींसाठीच्या घरदुरुस्ती योजनांतही अर्ज इथेच अडकतो. मी स्वतः असे अर्ज परत पाठवले आहेत, कारण नियम तसा होता. एक सोपा बदल करता येईल. जिथे मुंडकार म्हणून नोंद झाली आहे पण खरेदीचा हुकूम झालेला नाही, तिथे ती नोंदच मदतीसाठी पुरेशी धरा.

आता गोव्यात ज्यांना घरच काय, खोलीही नाही, त्यांच्याविषयी. मे २०२४ च्या अखेरीस वेर्णा औद्योगिक वसाहतीत रात्री एक बस रस्त्याकडेच्या झोपड्यांवर चढली. चार मजूर मेले, काही जखमी झाले. बसचालकावर गुन्हा दाखल झाला आणि विषय संपला. चालक दोषी होता हे ठीक. पण औद्योगिक वसाहतीत, जिथे हजारो लोकांना रोजगार मिळतो असे आपण अभिमानाने सांगतो, तिथे बांधकामावरचे मजूर रस्त्याला लागून का झोपले होते? १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याचे ३४ वे कलम तेव्हा सांगत होते की मालकाने कामाच्या जागी किंवा जवळ मजुरांना तात्पुरते राहायचे ठिकाण फुकट दिले पाहिजे, न्हाणीघर आणि संडासासकट. तो कायदा जवळजवळ तीस वर्षे होता; नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या कामगार संहितेने त्याची जागा घेतली. बांधकाम परवाना देताना ती सोय नकाशावर दाखवा आणि काम सुरू होण्याआधी कामगार खात्याने पाहून घ्यावी, एवढी अट घालायला नवा कायदा लागत नाही.

‘ते भायले (बाहेरचे) आहेत’ हे उत्तर मला ग्रामसभांत शेकड्यांनी ऐकावे लागले. विजापूर, गदग, ओडिशा, झारखंडमधून आलेली ही माणसे आपण बोलावली म्हणून आली. आपल्या मुलांना जे काम नको ते करायला. त्यांच्याशिवाय तुमच्या मतदारसंघातले एक गटार साफ होत नाही, एक स्लॅब पडत नाही. गोमंतकीयाला घर मिळत नाही ते या मजुराने घेतल्यामुळे नाही. तो पत्र्याखाली राहतो. घर घेणारा विमानाने येतो, आणि त्याला ‘भायला’ म्हणायला आपली जीभ रेटत नाही.

मडगावच्या रेल्वे स्थानकावर, म्हापशाच्या बाजारात, पणजीत दुकानांच्या पायऱ्यांवर रात्री झोपणारे लोक सगळेच परप्रांतीय नाहीत. काही म्हातारे इथलेच आहेत. मुले परदेशी, घर विकलेले किंवा वाटणीत गेलेले. सरकारी इस्पितळांत बरे होऊनही न्यायला कुणी येत नाही म्हणून पडून राहिलेले रुग्ण असतात. प्रोवेदोरिया ही सरकारी साहाय्य संस्था पोर्तुगीज काळापासून वृद्धाश्रम चालवते, चांगले काम आहे, पण वृद्धाश्रम म्हणजे रात्रनिवारा नव्हे. मजुरी करणारा धडधाकट माणूस, नवऱ्याने हाकललेली बाई, काम शोधायला आलेला पोरगा, यांना चार रात्री अंग टाकायला जागा हवी असते. राष्ट्रीय शहरी उपजीविका अभियानाचा निकष होता: एक लाख शहरी लोकसंख्येमागे शंभर माणसांची कायमस्वरूपी सोय, आणि माणशी पन्नास चौरस फूट जागा. गोव्याची बासष्ट टक्के लोकसंख्या २०११ मध्येच शहरी होती, म्हणजे नऊ लाख. हिशेब सोपा आहे, नऊशे खाटा.

त्या नऊशेपैकी आज किती आहेत, कुठल्या पालिकेत, त्यातल्या बायकांसाठी किती, आणि काल रात्री किती भरल्या होत्या? हा तारांकित प्रश्न आहे. मी मसुदाच तयार करून देतो आहे. त्याच्या जोडीला आणखी तीन विचारा. गृहनिर्माण मंडळाने गेल्या दहा वर्षांत किती घरे बांधली आणि किती भूखंड लिलावाने विकले. १७(२) आणि ३९अ खाली बदललेल्या जमिनीवर परवडणारी घरे किती झाली. आणि प्रत्येक तालुक्यात मुंडकारांचे किती खटले पडून आहेत, त्यातला सर्वात जुना कधीचा.

घरपट्टीबद्दल शेवटची एक सूचना, कारण हा माझा विषय. बंद घराला आणि माणसे राहत असलेल्या घराला आज आपण एकाच नजरेने पाहतो. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ मध्ये दुरुस्ती करून वर्षातले बहुतेक महिने रिकाम्या राहणाऱ्या दुसऱ्या घरावर चढी घरपट्टी लावता येईल. वडिलोपार्जित घर, ज्यावर वारसांचा वाद चालू आहे, ते त्यातून वगळा. मंडळाला भाड्याने दिलेल्या घराला माफी द्या. वाढीव रक्कम त्याच पंचायतीत राहावी आणि त्यातून मंडळाला घर देणाऱ्या मालकाची डागडुजी व्हावी. वसुली अवघड जाईल म्हणून कुणी सांगितले तर ऐकू नका. रिकाम्या घराच्या विजेचे बिल खात्याकडे असते, कोणते घर बंद आहे ते सचिवाला दहा मिनिटांत कळते.

यातला प्रश्न कुणी मांडला, कुठल्याही बाकावरून, तर उत्तराची प्रत आमच्या पंचायतीत लावण्याची व्यवस्था मी करीन. सूचनाफलकावर जागा आहे.

आपला,
एक निवृत्त पंचायत सचिव
डिचोली, गोवा